हरिकेन सीझनची तयारी, घरची आणि ऑफिसची: कुठलं काम कधीपर्यंत उरकायचं

८ जुलै २०२४ ला बेरिल हे वादळ आलं तेव्हा आमच्याकडे ह्यूस्टनमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "कॅटेगरी वनच आहे, काही होत नाही." आम्हीपण तेच म्हणून झोपलो. पहाटे पाचच्या सुमाराला लाइट गेली ती सहाव्या दिवशी संध्याकाळी आली. वादळ दुपारपर्यंत निघूनसुद्धा गेलं होतं, घराला काही झालं नाही, कुंपणाच्या दोन फळ्या तेवढ्या पडल्या, पण नंतरचे सहा दिवस बाहेर ९५ फॅरनहाइट आणि घरात ८८-८९, बाबा आमच्याकडे आलेले, त्यांचं इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रिजमध्ये, आणि बर्फाची एक पिशवी मिळावी म्हणून मी तीन तास गाडी घेऊन फिरत होते. सिग्नल बंद, पेट्रोल पंपांवर रांगा, आणि आख्ख्या परिसरात २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेलेली.

त्या आठवड्यात एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. वादळाची तयारी म्हणजे आदल्या दिवशी दुकानात जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायच्या, हे खरं नाही. प्रत्येक कामाला एक शेवटची तारीख असते आणि बऱ्याच कामांची ती तारीख वादळाला नाव मिळायच्या आधीच उलटून गेलेली असते. म्हणून खाली सगळं तारखांच्या क्रमाने लिहिलंय. मी टेक्सासची आहे त्यामुळे उदाहरणं जास्त इथली आहेत, पण लुइझियाना, फ्लोरिडा, कॅरोलायनावाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी तो कॅटेगरीचा आकडा समजून घ्या

अटलांटिकचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही मधल्या ऑगस्टपासून मधल्या ऑक्टोबरपर्यंत जोर जास्त आणि १० सप्टेंबरच्या आसपास शिखर. कॅटेगरी १ म्हणजे ताशी ७४ ते ९५ मैल वारा, १११ च्या पुढे कॅटेगरी ३, तिथून वादळाला 'मेजर' म्हणतात, १५७ च्या पुढे कॅटेगरी ५. पण हा आकडा फक्त वाऱ्याचा आहे हो, पाऊस किती पडेल आणि समुद्र किती आत येईल याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही, आणि माणसं जास्त जातात ती पाण्याने.

आइक २००८ मध्ये गॅल्व्हस्टनला लागलं तेव्हा कॅटेगरी २ होतं, पण समुद्राच्या लाटेने शेजारचं बोलिव्हर द्वीपकल्प अक्षरशः धुऊन नेलं. हार्वी २५ ऑगस्ट २०१७ ला रॉकपोर्टजवळ कॅटेगरी ४ म्हणून आलं, मग उतरून नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म झालं आणि त्या उतरलेल्या अवस्थेत इथेच घुटमळत बसलं, टेक्सासमधल्याच नेदरलँड गावात ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. आणि २००१ चं अ‍ॅलिसन तर कधी हरिकेन झालंच नाही, तरी ह्यूस्टन बुडवून गेलं. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनीही २०२४ चं हेलीन आठवावं, लागलं फ्लोरिडात आणि नद्यांनी हाहाकार केला तो नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, अ‍ॅशव्हिलला.

अजून दोन शब्द. 'वॉच' म्हणजे वादळी वारे साधारण ४८ तासांत येऊ शकतात, 'वॉर्निंग' म्हणजे साधारण ३६ तासांत येणं अपेक्षित आहे. आणि टीव्हीवर जो पांढरा कोन दिसतो तो फक्त वादळाचा मधला बिंदू कुठून जाऊ शकतो ते दाखवतो, तोही तीनपैकी दोन वेळा त्या कोनात राहतो, एकदा बाहेर जातो. वादळाचा पसारा तो दाखवत नाही. "आपण कोनाच्या बाहेर आहोत" म्हणून निवांत बसणारे दरवर्षी भेटतात, कृपा करून त्यांच्यातले होऊ नका. नॅशनल हरिकेन सेंटरचं बुलेटिन सेंट्रल टाइमने पहाटे ४, सकाळी १०, दुपारी ४, रात्री १० ला येतं, तेवढं चार वेळा बघा. बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे रंगीत नकाशे सोडून द्या.

मे महिन्यात: कागद, इन्शुरन्स, झोन

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

घराच्या इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी धरलेलं नसतं. भाड्याने राहत असाल तर रेंटर्स इन्शुरन्समध्येपण नसतं. फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो आणि नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रामची पॉलिसी आज घेतली तर साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे गल्फमध्ये (मेक्सिकोच्या आखातात) वादळ दिसल्यावर फोन करून काही उपयोग नाही. त्यात घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,००० डॉलर, आणि सामानाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं, ते आपोआप येत नाही, हे बऱ्याच जणांना क्लेमच्या वेळी कळतं. "आमचं घर फ्लड झोनमध्ये नाही" हे मी इतक्यांदा ऐकलंय. हार्वीमध्ये आमच्या काउंटीत ज्या घरांत पाणी शिरलं त्यातली निम्म्याहून जास्त घरं नकाशावरच्या झोनच्या बाहेरची होती. बँक मागत नाही म्हणून घ्यायचा नाही असं करू नका, झोनच्या बाहेर असाल तर हप्ता सहसा कमी असतो.

मग घराच्या मूळ पॉलिसीत हरिकेन किंवा विंडस्टॉर्म डिडक्टिबल किती आहे ते बघा. ते सहसा डॉलरमध्ये नसून टक्क्यात असतं, आणि टक्के घराच्या विम्याच्या रकमेवर, नुकसानीवर नाही. चार लाखांचं घर आणि २ टक्के म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमचे. छप्पर उडालं तर ते कुठून काढायचे हे मे महिन्यातच ठरवून ठेवलेलं बरं. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या काउंट्यांत तर वाऱ्याची पॉलिसीच वेगळी असते, ती आहे ना ते तपासा, कारण वादळ गल्फमध्ये आलं की कंपन्या नवीन पॉलिसी देणं आणि आहे ती वाढवणं बंद करतात.

इव्हॅक्युएशन झोन आणि फ्लड झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला सांगतो समुद्र आत आला तर तुम्हाला कधी निघायला सांगतील, दुसरा इन्शुरन्ससाठी. ह्यूस्टन-गॅल्व्हस्टन भागात इव्हॅक्युएशन झोन झिप कोडवर ठरतात, किनारपट्टी आणि मग ए, बी, सी. तुमचा कुठला तो कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

कागदपत्रांची एक वॉटरप्रूफ पिशवी करा: पासपोर्ट, ओसीआय, मुलांचे जन्मदाखले, घराची आणि गाडीची कागदं, सगळ्या पॉलिसींचं पहिलं पान. आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी यात व्हिसा-इमिग्रेशनचे कागद, म्हणजे आय-७९७, आय-९४ ची प्रिंट, आय-२० किंवा ग्रीन कार्ड हे सगळ्यात वर हवं, कारण ओलं होऊन खराब झालेलं आय-७९७ परत मिळवणं म्हणजे महिन्यांचं काम. सगळ्याचे फोटो काढून क्लाउडवर टाका आणि भारतातल्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या एका विश्वासू माणसाला अ‍ॅक्सेस द्या. त्याच दिवशी फोन हातात घेऊन घरभर फिरून व्हिडिओ करा, कपाटं उघडून, टीव्ही-लॅपटॉपचे सिरियल नंबर दिसतील असा. पंधरा मिनिटं लागतात, आणि क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणाऱ्या विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरसमोर याच्याइतकं काही कामी येत नाही.

व्हिसावाल्यांसाठी एक गोष्ट: फेमाची (केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची) रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि कायद्याने 'पात्र' धरलेले काही लोक यांनाच मिळते, एच-१बी वर असाल तर तुमच्या नावावर मिळत नाही. पण घरात अमेरिकन नागरिक असलेलं लहान मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. शेल्टर, पाणी, जेवण ही तातडीची मदत कोणालाही मिळते, तिथे जायला संकोच करू नका.

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत: सामान

टेक्सासमध्ये एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या शेवटी या सामानावर सेल्स टॅक्स माफ असतो, ३,००० डॉलरच्या खालचा पोर्टेबल जनरेटरसुद्धा त्यात येतो. मोठी खरेदी तेव्हाच करा.

पाणी दर माणशी रोज एक गॅलन, निदान तीन दिवसांचं असा सरकारी हिशोब आहे, मी सात दिवसांचं ठेवते. चार माणसांना २८ गॅलन, बाटल्याच हव्यात असं नाही, पाच-सहा गॅलनचे निळे कॅन धुऊन भरून ठेवले तरी चालतं. प्यायचं वेगळं आणि वापरायचं वेगळं. बाथटब भरून ठेवायचा तो फ्लशसाठी, बादलीने ओतलं की काम होतं (घरात रांगतं बाळ असेल तर टब भरून बाथरूम उघडं ठेवू नका). नळाचं पाणी उकळून प्यायची नोटीस आली तर एक मिनिट खळखळून उकळायचं. उकळायची सोय नसेल तर साधी, बिनवासाची ब्लीच घ्यायची, ६ टक्केवाली असेल तर गॅलनला ८ थेंब, ८.२५ टक्केवाली असेल तर ६ थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं. ड्रॉपर त्या बाटलीलाच रबरबँडने बांधून ठेवा, ऐन वेळी तोच सापडत नाही.

खाण्याचं फार डोकं लावू नका. जे घरात खाल्लं जातं आणि शिजवावं लागत नाही तेच घ्या. गॅसची शेगडी असेल तर लाइट नसताना बहुतेक बर्नर काडीने पेटतात, म्हणून काडेपेटी ठेवा. कोळशाची ग्रिल किंवा कॅम्पिंगचा स्टोव्ह घरात किंवा गराजमध्ये अजिबात पेटवायचा नाही. हातानं चालणारा कॅन ओपनर, हेडलॅम्प (टॉर्चपेक्षा कितीतरी बरा, हात मोकळे राहतात), बॅटरीवरचा किंवा हाताने फिरवायचा वेदर रेडिओ, पॉवर बँक, आणि थोडी रोकड, पाच-दहाच्या नोटांत, कारण लाइट नसली की कार्ड मशीन बंद.

औषधांचं मात्र नीट बघा. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आमच्या घरात नियम आहे की दोन आठवड्यांचा साठा उरला की रिफिल मागायची. आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतील तर त्यांची औषधं भारतातली असतात, ती इथे काउंटरवर मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक गोळीचं मूळ रासायनिक नाव आणि डोस एका कागदावर लिहून ठेवा आणि त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचा नंबरसुद्धा. इन्सुलिनबद्दल मी तेव्हा उगाच घाबरले होते. नेहमीच्या कुप्या आणि पेन ५९ ते ८६ फॅरनहाइटमध्ये फ्रिजबाहेर २८ दिवसांपर्यंत चालतात. अडचण होती ती घरात ८८ झाल्याची, शेवटी ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या कुंडीत छोटा डबा ठेवून बाबांनीच मार्ग काढला. आता आम्ही बाष्पीभवनाने थंड राहणारी इन्सुलिनची पाऊच घेऊन ठेवलीय. तुमच्या ब्रँडचं फार्मसिस्टला आधी विचारून घ्या. घरात ऑक्सिजन मशीन, डायलिसिस असं काही असेल तर २११ ला फोन करून राज्याच्या इमर्जन्सी असिस्टन्स रजिस्ट्रीत नाव घाला, दरवर्षी नव्याने घालावं लागतं.

जनरेटर, जरा सविस्तर

यावर जास्त लिहितेय कारण यानेच वादळानंतर लोक मरतात, आणि ती मरणं पूर्णपणे टाळता येण्यासारखी असतात.

आख्खं घर चालवणारा जनरेटर सगळ्यांना परवडत नाही आणि गरजही नाही. २,००० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर फ्रिज, दोन पंखे, फोन आणि वायफाय आरामात ओढतो. आम्ही बेरिलनंतर ५,००० बीटीयूचा छोटा विंडो एसी घेतला, तो चालताना ५०० वॉटच्या आत खातो, एक खोली थंड होते आणि सगळे त्याच खोलीत झोपतो. ह्यूस्टनच्या जुलैत म्हाताऱ्या माणसांसाठी ही चैन म्हणता येणार नाही, बेरिलनंतर उष्णतेने माणसं गेली आहेत.

जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, एक्झॉस्टचं तोंड घराकडे नको, खिडक्या-दारं त्या बाजूची बंद. गराजचं दार उघडं ठेवून आत चालवणं हे आत चालवणंच आहे. पाऊस लागतो म्हणून लोक पॅटिओत ओढतात, तेपण नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो, म्हणून बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीजवळ लावा, २५-३० डॉलरला मिळतो. जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी खुपसून घराला वीज द्यायची नाही, ती वीज बाहेरच्या तारांवर जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरू शकतो. तसं हवं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून इंटरलॉक (बाहेरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी जोडू न देणारी कळ) बसवून घ्या, मे महिन्यात, तेव्हा त्यांना वेळ असतो. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्या. आणि जूनमध्ये एकदा चालू करून बघा, प्लीज. ऐन वादळात पहिल्यांदा दोरी ओढणारे आणि मग कार्ब्युरेटर चोंदलेलं आहे असं कळणारे आमच्या गल्लीतच तीन निघाले.

ऑफिस, दुकान, कामाची जागा

नोकरी असेल तर जूनमध्ये मॅनेजरला सरळ चार प्रश्न विचारा: ऑफिस बंद करायचं कोण ठरवतं, ते आम्हाला कसं कळणार, लाइट नसेल आणि लॉग इन करता आलं नाही तर त्या दिवसांचं काय, आणि मी शहर सोडून गेले तर चालेल का. पगाराबद्दल साधारण असं आहे की तुम्ही सॅलरीवर 'एक्झेम्प्ट' (ओव्हरटाइम न मिळणारे) असाल आणि कंपनीनेच ऑफिस एक आठवड्यापेक्षा कमी बंद ठेवलं, तर त्या आठवड्यात काम केलेलं असल्यास पूर्ण पगार मिळायला हवा, पण कंपनी तुमची सुट्टी त्यात वापरू शकते. तासावर असाल तर केलेल्या तासांचेच पैसे, त्याप्रमाणे हाताशी रक्कम ठेवा.

हॉस्पिटल, रिफायनरी, केमिकल प्लांट, डेटा सेंटर इथे काम करणाऱ्यांना 'राइड-आउट टीम' मध्ये नाव आहे का ते आधी विचारून घ्यावं लागतं. असेल तर वादळाच्या आधी कामावर जायचं ते वादळ संपून दुसरी टीम येईपर्यंत तिथेच. म्हणजे घरी मुलांजवळ, म्हाताऱ्यांजवळ एकटं कोण, गाडी कोण चालवणार, हे दोघांनी आधी बसून ठरवायला हवं. माझी एक मैत्रीण नर्स आहे, तिच्याकडे तिच्या राइड-आउट बॅगची आणि नवऱ्याला द्यायच्या सूचनांची अशा दोन याद्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या असतात.

स्वतःचा धंदा असेल तर काम जास्त. बॅकअपचा जुना नियम धरा, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक शहराबाहेर. आणि नुसता बॅकअप घेऊन थांबू नका, एक फाइल परत आणून बघा. कर्मचाऱ्यांचे, गिऱ्हाइकांचे, सप्लायरचे, इन्शुरन्स एजंटचे नंबर कागदावर छापून दोन जणांच्या घरी ठेवा. पगार वादळाच्या आठवड्यात येत असेल तर आधीच चालवून टाका. ज्यांना आठवड्याच्या पगारावर घर चालवायचंय त्यांच्यासाठी हे सगळ्यात मोठं आहे. फ्लडची पॉलिसी धंद्यासाठीपण वेगळी, इमारतीला पाच लाखांपर्यंत आणि आतल्या मालाला पाच लाखांपर्यंत, आणि 'बिझनेस इंटरप्शन' कव्हर साधारणपणे तेव्हाच लागतं जेव्हा पॉलिसीत बसणाऱ्या कारणाने जागेचं प्रत्यक्ष नुकसान होतं. नुसती लाइट गेली म्हणून मिळेलच असं नाही, एजंटकडून लेखी विचारून घ्या.

आणि जमिनीवर काय आहे ते बघा. अ‍ॅलिसनमध्ये टेक्सास मेडिकल सेंटरमध्ये तळघरांत पाणी भरलं, विजेची यंत्रणा आणि वर्षानुवर्षांचं संशोधन तळघरांत होतं, ते गेलं. नंतर त्यांनी पुराची दारं बसवली, यंत्रणा वर नेली. आपल्या छोट्या ऑफिसात हेच म्हणजे सीपीयू, यूपीएस, राउटर, फाइलींची खोकी हे सगळं जमिनीवरून उचलून टेबलावर, खिडकीपासून लांब, वरून कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या आणि प्लग काढलेले. अर्ध्या तासाचं काम आहे, शुक्रवारी निघताना करता येतं.

गल्फमध्ये नाव आलं: पाच दिवस ते दोन दिवस आधी

आता सगळी गर्दी बाहेर पडते, तुम्हाला फारसं बाहेर पडावंच लागू नये. गाडीची टाकी भरा, सीझनभर ती अर्ध्याच्या खाली जाऊच देऊ नका. इलेक्ट्रिक गाडी पूर्ण चार्ज करा, पण समुद्राचं पाणी शिरेल अशा गराजमध्ये ती ठेवू नका, खाऱ्या पाण्यात बुडलेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेतात, २०२२ मध्ये इयाननंतर फ्लोरिडात असं झालेलं आहे. बुडालेली गाडी घरापासून ५० फूट लांब हवी.

अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या, झोपाळा, कचऱ्याचे डबे, ट्रॅम्पोलिन, सगळं आत. ताशी ८० मैलांच्या वाऱ्यात कुंडी म्हणजे दगड. खिडक्यांना शटर नसतील तर ५/८ इंची प्लायवूड, खिडकीच्या मापाने आधीच कापून, भोकं पाडून, मागे 'किचन', 'हॉल डावी' असं लिहून ठेवलेलं. काचेवर टेपच्या फुल्या मारून काही उपयोग होत नाही, उलट काच फुटली तर तुकडे मोठे आणि धारदार पडतात. गराजचं दार हा घराचा सगळ्यात कमकुवत भाग, ते आत दबलं की वारा आत शिरून छप्पर वर उचलतो, म्हणून त्याला ब्रेस लावता येतो का बघा. आणि गल्लीतल्या पाण्याच्या जाळ्यांवरची पानं काढा, शेजाऱ्यांना घेऊन, आमच्याकडे त्या एका जाळीमुळे दोन ड्राइव्हवेत पाणी चढायचं.

फ्रिज-फ्रीझर सगळ्यात थंड सेटिंगवर टाका. पाण्याच्या बाटल्या आणि झिपच्या पिशव्या भरून फ्रीझरमधली रिकामी जागा भरून टाका, भरलेला फ्रीझर दार न उघडता ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४, आणि फ्रिज फक्त ४ तास. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं की समजायचं, मधे सगळं वितळलं होतं, टाकून द्यायचं.

जायचं की राहायचं

इथले जुने लोक सांगतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. हाच निकष. समुद्राची लाट येऊ शकेल अशा झोनमध्ये असाल, मोबाइल होममध्ये असाल किंवा तुमच्या झोनला निघायचा आदेश आला, तर चर्चा नको, निघायचं, दिवसाउजेडी. झोनच्या बाहेर असाल, घर मजबूत असेल, पाणी चढायचा इतिहास नसेल तर राहायचं आणि रस्ता किनाऱ्यावरच्यांना मोकळा ठेवायचा. २००५ मध्ये कट्रिनानंतर महिन्याभरात रिटा आलं तेव्हा घाबरून सगळं ह्यूस्टन एकदम निघालं, हायवेवर गाड्या तासन् तास ठप्प, पेट्रोल संपलं, आणि शंभराच्या आसपास माणसं गेली ती बहुतेक त्या प्रवासात, उकाड्याने, अपघातांत, वृद्धांना नेणाऱ्या एका बसला लागलेल्या आगीत. लांब जायची गरज नसते. किनाऱ्यापासून ५०-६० मैल आत, उंचावर, मित्राचं घर पुरतं. ते घर कुठलं हे जूनमध्ये त्यांना विचारून ठरवा, आणि कुत्रा-मांजर असेल तर तेही विचारा.

दुसऱ्या राज्यातल्या एका नातेवाइकाला 'सेंटर' करा, सगळ्यांनी त्यालाच मेसेज करायचा. फोन लागत नाही तेव्हाही टेक्स्ट बऱ्याचदा जातो. भारतात घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका, नाहीतर ते रात्रभर फोन लावत बसतात आणि आपली बॅटरी संपते.

ती रात्र

खिडक्या नसलेली, बाहेरच्या भिंतीपासून आतली खोली, कपाट किंवा बाथरूम, तळमजल्यावर, पण पाणी चढत असेल तर वरच्या मजल्यावर. आतल्या सगळ्या खोल्यांची दारं बंद. प्रत्येकाच्या पायात बूट, मुलांना सायकलची हेल्मेटं, कारण वादळासोबत टॉर्नेडो येतात, २०२४ च्या मिल्टनमध्ये फ्लोरिडात ते वादळाचा डोळा (मधला शांत भाग) किनाऱ्याला लागायच्या आधीच आले होते. फोनवरचे इमर्जन्सी अलर्ट बंद करून झोपू नका. मध्येच एकदम शांत झालं, आकाश दिसलं तर तो डोळा असू शकतो, बाहेर जायचं नाही, थोड्या वेळात उलट्या दिशेने वारा सुरू होतो. आणि पाणी चढतंय म्हणून बंद माळ्यावर चढू नका, तिथून बाहेर पडायला वाट नसते. कट्रिनात लोक तिथे अडकले. चढावंच लागलं तर कुऱ्हाड घेऊन.

नंतरचे दिवस

घाईने गाडी काढू नका. सहा इंच वाहत्या पाण्यात माणूस पडतो, एक फुटात छोटी गाडी तरंगते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात, आणि पाण्याखाली रस्ता आहे की खचलाय ते दिसत नाही. पडलेली प्रत्येक तार जिवंत समजा. घरात पाणी शिरलं असेल तर पाण्यात उभं राहून ब्रेकरला हात लावू नका.

काही उचलायच्या आधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ पट्टी लावून, प्रत्येक खोली, प्रत्येक वस्तू. मग मात्र वेळ घालवू नका, बुरशी २४ ते ४८ तासांत धरते, ओला गालिचा आणि त्याखालचं पॅड बाहेर काढा, भिंतीचं ड्रायवॉल पाण्याच्या रेघेच्या वरपर्यंत कापावं लागतं, प्रत्येक गोष्टीचा एक तुकडा अ‍ॅडजस्टरला दाखवायला ठेवा. मास्क आणि हातमोजे घाला, ते पाणी गटाराचं असतं. खर्चाची प्रत्येक पावती, हॉटेलचीसुद्धा, त्या वॉटरप्रूफ पिशवीत.

दाराशी ट्रक घेऊन येणारे येतीलच. आगाऊ पूर्ण पैसे मागणारा, आजच सही करा म्हणणारा, किंवा "तुमचं डिडक्टिबल आम्ही सोडून देऊ" म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर दारातूनच परत पाठवा, टेक्सासमध्ये २०१९ पासून डिडक्टिबल माफ करणं बेकायदा आहे. आमच्या ओळखीच्या एका काकांनी छपरासाठी निम्मे पैसे आगाऊ दिले, तो माणूस परत दिसलाच नाही.

३० नोव्हेंबर उलटला की कॅनमधलं उरलेलं पेट्रोल गाडीत ओतून टाका, जनरेटरची टाकी रिकामी करून तो बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये काही उरत नाही, हेडलॅम्पमधले सेल काढून ठेवा, आणि त्या वर्षी जे ऐन वेळी कमी पडलं ते तेव्हाच कागदावर लिहून जनरेटरला चिकटवा. आमच्या कागदावर या वेळी आहे: बर्फ, दुसरा कॅन ओपनर, बाबांच्या चष्म्याची जादा जोडी.